तोफेवर तीन वायसर

पडदा वर जातो. रविवारची दुपार. बस डेपोची विश्रांतीची खोली. उजवीकडे पत्र्याची कपाटं, त्यांच्या दारांवर वाळत घातलेले घामेजलेले शर्ट. डावीकडे चहाची टाकी, तिची तोटी थेंबथेंब गळते आहे आणि खाली ठेवलेला पेला कुणी कधी रिकामा करत नाही. मधोमध लांब टेबल, त्यावर जुन्या बसच्या सीटचं निळं रेक्झिन ताणून बसवलेलं. पांढऱ्या रंगाने त्यावर मैदान आखलेलं आहे. मैदानावर पत्ते मांडलेत, प्रत्येक पत्त्यावर एका हॉकीपटूचं चित्र. टेबलाभोवती वीसेक माणसं श्वास रोखून उभी आहेत. आणि टेबलाच्या टोकाला, उंच स्टुलावर, मांडीवर नटबोल्टच्या वायसरांच्या चकत्यांनी भरलेली वाटी घेऊन एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई बसली आहे. केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

ही आमची ड्यूटीताई.

माझा या डेपोशी संबंध एवढाच, की माझी खिडकी त्याच्या फाटकासमोर उघडते. आयुष्यभर मी रंगमंचावर राण्या केल्या, सावत्र आया केल्या, एका नाटकात तर लागोपाठ तीन वर्षं पहिल्याच अंकात मरत होते. काम थांबलं, पण आवाज काही थांबायला तयार होईना. एके दिवशी डेपोतल्या कॅन्टीनवाल्याने चहा पाजता पाजता विचारलं, "मावशी, आमच्या मॅचचं वर्णन कराल का? इथे सगळे एकदम ओरडतात, कुणाचंच ऐकू येत नाही." तेव्हापासून मी या लीगची निवेदिका. मानधन म्हणून चहा आणि दोन बिस्किटं. याहून वाईट मानधनावर मी याहून वाईट नाटकं केली आहेत.

ताईचं काम ड्यूट्या लावण्याचं. कोणत्या ड्रायव्हरने कोणती गाडी कधी काढायची, ते ती ठरवायची. तिच्या खिडकीमागे मोठा फळा, फळ्यावर खिळे, खिळ्यांना प्रत्येकाच्या नंबरचा पितळी बिल्ला. बिल्ला वरच्या रांगेत असला तर गाडी काढा, खालच्या रांगेत असला तर घरी जा आणि झोपा. ड्रायव्हर लोकांना खालची रांग आवडायची नाही. जादा ड्यूटी म्हणजे जादा पैसे, त्यामुळे सगळे "मी एकदम ताजा आहे, ताई" म्हणत खिडकीशी यायचे. डोळे लालभडक, जांभई दातांत धरलेली, आणि म्हणे ताजा!

त्यावर ताईने एक उपाय काढला होता. खिडकीत सुई आणि दोरा.

"ओव," ती म्हणायची.

ओवला दोरा, तर बिल्ला वर. तीन वेळा हुकला, तर बिल्ला खाली. वरचे साहेब हसले, युनियनवाले रागावले, ताईने सुई काही हलवली नाही. जाड बोटांचे दणकट ड्रायव्हर जीभ बाहेर काढून सुईत दोरा ओवताहेत, हे दृश्य मी खिडकीतून पाहिलं आहे. तिकीट लावून दाखवावं असं होतं.

तिचा नवरा तिला त्या सुईनेच मिळाला. तो तेव्हा तरणाबांड ड्रायव्हर, सगळे त्याला नॉनस्टॉप म्हणायचे, कारण तो थांबायचाच नाही. सलग तिसरी ड्यूटी मागायला आला. ताई नवीनच लागलेली. तिने सुई पुढे केली. दोरा हुकला. पुन्हा हुकला. तिसऱ्या खेपेला सुईच खाली पडली.

"ही सुई खराब आहे," तो म्हणाला.

"सुईला भोक आहे. तुम्हाला ते दिसत नाहीये. बसा बाकावर."

तो तणतणत बाकावर बसला आणि बसल्या बसल्या घोरायला लागला. संध्याकाळी उठला, खिडकीशी आला, एका फटक्यात दोरा ओवला आणि आपल्या शर्टाचं लोंबतं बटण पुढे करून म्हणाला, "आता ओवलाच आहे, तर एवढं लावूनही द्या."

"मी ड्यूट्या लावते, बटणं नाही," ताई म्हणाली.

मग त्याने तिथेच उभं राहून स्वतः बटण लावलं, वाकडं आणि दोन बोटं वर. ते तसंच घालून तो आठवडाभर तिच्या खिडकीसमोरून फिरत होता. ताई मला सांगत होती, "मावशी, लग्नाला हो म्हटलं ते त्या बटणाकडे बघवेना म्हणून."

आता हॉकी कुठून आली ते सांगते. कुणी उतारू बसमध्ये एक खोकं विसरून गेला. ते हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्र्यांखाली पडून राहिलं. मुदत संपली, कुणी मागायला आलं नाही, तेव्हा ते उघडलं. आत बर्फावरच्या हॉकीचा खेळ. खेळाडूंचे पत्ते, दोन फासे आणि नियमांचं पुस्तक. आमच्यापैकी कुणीही सरबताच्या पेल्याबाहेर बर्फ पाहिलेला नव्हता. पण खेळ सोपा होता. पाच खेळाडू मैदानावर, तीन बाहेर, एक गोली. मॅच तीन डावांची. प्रत्येक डावात प्रत्येक खेळाडूने एकदा फासे टाकायचे. फाशांची बेरीज, त्यात पत्त्यावर लिहिलेली ताकद मिळवायची; बारा किंवा वर गेलं की गोल. साध्या खेळाडूची ताकद एक, मोठ्याची दोन.

पुस्तकातलं एक पान मात्र फाटलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात फक्त "दमणूक" एवढा मथळा शिल्लक.

पहिल्या हंगामात त्या मथळ्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळेजण आपले तेच पाच खेळाडू सगळे डाव दामटायचे. बाहेरचे तिघे बिचारे खोक्यात पडून. भांडणं व्हायला लागली. आमच्या गॅरेजच्या मेकॅनिकने, ज्याला सगळे पाना म्हणतात, एकदा टेबल उलथलं. मग सगळे वरात घेऊन ताईच्या खिडकीशी गेले. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा तीनही डाव खेळतो, मग दमत कधी?"

"ताई, तो पुठ्ठ्याचा आहे," पाना म्हणाला.

"फळ्यावरचे बिल्लेही पितळेचेच असतात," ताई म्हणाली.

त्या फाटक्या पानाच्या जागी तिने नियम बसवला. सलग दोन डाव खेळला की पत्त्यावर एक वायसर. त्यापुढच्या प्रत्येक सलग डावाला आणखी एक, तीनपर्यंत. जितके वायसर, तितके आकडे बेरजेतून वजा. एक आख्खा डाव बाहेर बसला, की सगळे वायसर खाली, गडी पुन्हा कोरा करकरीत. वायसर गॅरेजमधून आले आणि वाटी ताईच्या मांडीवर गेली, ती कायमची.

तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून खोक्यातले खेळाडू बाहेर आले. आमच्या नाटक कंपनीत मुख्य नटाला ताप आला की कोपऱ्यात वर्षानुवर्षं मशाल धरून उभा राहिलेला एखादा मुलगा राजा व्हायचा आणि त्या रात्री त्याचे कान लाल झालेले असायचे. तसंच हे. ज्या पत्त्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना टोपणनावं मिळाली. भोपळा, जावई, गुळगुळीत. मी त्यांची नावं पुकारायचे तेव्हा माणसं टाळ्या वाजवायची.

एकट्या नॉनस्टॉपला तो नियम पचला नाही.

त्याच्याकडे दोन ताकदीचा एक जबर पत्ता होता, तोफ. तोफेला बाहेर बसवायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. "दमली तरी तोफ ती तोफ!" म्हणत तो तिला तीनही डाव खेळवायचा. ताई शांतपणे वायसर ठेवायची. टिक. टिक. आणि तोफ फुसकी व्हायची. हंगामामागून हंगाम गेले, सगळ्यांनी कधी ना कधी चषक घरी नेला. कॅन्टीनवाल्यानेसुद्धा नेला, आणि त्याला तर बेरीज करता येत नव्हती. नॉनस्टॉपच्या घरी चषक गेला नाही. डेपोत म्हणायचे, "याला जगात कुणी हरवत नाही, फक्त बायको हरवते."

आणि यंदा त्याचा शेवटचा हंगाम. महिन्याभरात तो निवृत्त होणार होता, आणि लीगमध्ये खेळायचं तर डेपोत नोकरीला असावं लागतं. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तो फायनलला पोचला तेव्हा चहाच्या टाकीजवळसुद्धा माणसं हळू बोलायला लागली. समोर पाना. पानाने आधीच दोनदा चषक जिंकलेला.

फायनलच्या सकाळी मी चहाला गेले, तर नवराबायकोची कुजबुज कानावर आली. नट्यांचे कान तिखट असतात, माझा इलाज नव्हता.

"अगं, एक वायसर," तो म्हणत होता. "एवढ्या वर्षांच्या संसारात एक वायसर नाही का सोडता येत?"

"अहो, चहात साखर जास्त घालते."

"मला साखर बंद आहे!"

"मग बिनसाखरेचा घ्या."

तो पाय आपटत गेला. ताईने माझ्याकडे पाहिलं. ती हसत होती खरी, पण हातातल्या रिकाम्या बशीवर फुंकर घालत होती. "मावशी," ती म्हणाली, "त्यांनी जिंकावं म्हणून मला रात्रभर झोप नाही आली. आणि तिथे बसले की मला वायसर ठेवावा लागणार. कुठे जाऊ?"

मी तिच्या हातातली बशी काढून घेतली.

मॅच सुरू झाली. मी दोन्ही संघ पुकारले. पानाचा मोठा पत्ता घोडा पहिल्याच डावात गोल मारून गेला आणि गॅरेजवाल्यांनी डबे बडवले. दुसऱ्या डावात तोफेने अकरा टाकून बरोबरी साधली. "बघितलंस?" नॉनस्टॉप बायकोकडे पाहून ओरडला. "बघितलं," ताई म्हणाली, आणि दोन डाव झाले म्हणून तोफेवर वायसर ठेवला. टिक.

तिसरा डाव कोरडा गेला. एक-एक. आता जादा डाव. खोक्यातल्या पुस्तकात त्याचे नियम शाबूत होते: जादा डावात जो पहिला गोल करील तो जिंकला, पण नवा खेळाडू आणायचा नाही. मैदानावर होते त्याच पाचजणांनी लढायचं.

एक जादा डाव झाला. गोल नाही. दुसरा झाला. टिक, टिक, टिक. ताईची वाटी रिकामी होत चालली आणि पत्ते वायसरांखाली दिसेनासे झाले. माझ्या वर्णनातही जीव राहिला नव्हता. "गुळगुळीतचा फटका... गेला. जावयाचा फटका... गेला." आणि मग पानाच्या घोड्याने फासे टाकले. सहा आणि सहा!

गॅरेजवाले बाकावर चढले. पानाने शर्ट काढून भिरकावला.

"बारा, अधिक दोन, चौदा," ताई म्हणाली. "वजा तीन. अकरा."

तोटीचा थेंब पेल्यात पडलेला ऐकू आला.

"थांबा, थांबा," पाना म्हणाला. तो उघडाच उभा होता. "दोन छक्के पडले तरी गोल नाही? मग गोल होणार कशाने?"

सगळ्यांनी बोटांवर मोजलं. मीही मोजलं. दोन्हीकडच्या दहाही पत्त्यांवर तीन-तीन वायसर. घोड्याची आणि तोफेची ही गत, मग बाकीच्यांचं विचारायलाच नको. दोन छक्क्यांहून मोठं काही फाशांवर नसतं. म्हणजे आता जगबुडी झाली तरी कुणाचा गोल होणार नव्हता.

"ताई, हे तुमच्या नियमाने झालंय!" पाना म्हणाला. "सगळे वायसर काढा, नवा श्वास घेऊ. नाहीतर नाणं उडवू."

"हो, नाणं उडवा," मागून चार आवाज आले. नाणं उडवलं असतं तर नॉनस्टॉपला निम्मी आशा होती. आयुष्यात पहिल्यांदा निम्मी. मी ताईकडे पाहिलं. ती वाटीत बोटं फिरवत होती.

"वायसर काढल्याने दमलेला ताजा होत नाही," ती म्हणाली. "मॅच चालू असताना नियम बदलायचा नाही. खेळा."

"खेळा काय, खेळा! आम्ही इथे म्हातारे होऊ!"

"मी झालोच आहे," नॉनस्टॉप म्हणाला.

तो खाली वाकून आपल्या पत्त्यांकडे पाहत होता. त्या डावाचे सगळे फटके झाले होते. मग त्याने हात पुढे केला आणि तोफ उचलली. वायसर टेबलावर खणखणले. तोफ त्याने मैदानाबाहेर ठेवली. मग गुळगुळीत उचलला. मग जावई, मग भोपळा, मग पाचवा एक, ज्याला इतक्या हंगामांत कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं. त्याच्या बाजूचं मैदान रिकामं झालं, एकटा गोली उरला.

"काका, हे काय?" पाना म्हणाला.

"बसवले."

"सगळे?"

"सगळे. नवा आणायचा नाही असं लिहिलंय. जुना बसवायचा नाही असं कुठे लिहिलंय?"

एकच गलका झाला. सगळे ताईकडे वळले. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्या एवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं, ते दाखवायला मला तीन अंक लागले असते.

"मी त्यांची बायको आहे," ती म्हणाली. "मी निकाल दिला तर उद्या तू डेपोभर बोंबलत फिरशील. पाना, तू सांग. चालेल का?"

पानाने रिकाम्या मैदानाकडे पाहिलं आणि तो खदखदून हसला. "चालेल का काय, पळेल! बसू दे. समोर कुणी नाही, मी गोल मारतो. आता वायसर धरायचे नाहीत ना?"

"धरायचे. दमलेला माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा झोपतो."

"बरं, धरा." रिकामं मैदान पाहून पाना मघाचं गणितच विसरला होता.

"तुझे बसवायचेत का? आत्ता सांग."

"माझे?" पानाने मागे वळून गॅरेजवाल्यांकडे पाहिलं. ते डबे बडवत होते. "माझे काय काकांसारखे रिटायर होताहेत? माझे उभे राहणार!"

त्याने फासे टाकले. पाच खेळाडू, पाच वेळा. बारा काही झाले नाहीत, होणारही नव्हते. प्रत्येक फटक्याला डब्यांचा आवाज थोडा थोडा कमी होत गेला, आणि चौथ्या फटक्याला पानाच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जणू गाडी सुरू केल्यावर हातब्रेक ओढलेलाच राहिल्याचं लक्षात यावं.

"माझेपण बसवतो," तो घाईघाईने म्हणाला.

"पुढच्या डावाला बसव," ताई म्हणाली. "आता त्यांचे उठताहेत."

नॉनस्टॉपने पाचही पत्ते परत मांडले. एकावरही वायसर नाही. आधी तोफ. त्याने फाशांवर फुंकर मारली. पाच आणि चार. नऊ, अधिक दोन, अकरा! सगळी खोली कण्हली. गुळगुळीत, पाच. जावई, आठ. भोपळ्याने तर दोन टाकले, आपल्या नावाला जागला. उरला एक. मी पुकारायला तोंड उघडलं आणि अडले. काय म्हणून पुकारू?

"आणि आता... हा!" मी म्हटलं. चाळीस वर्षांत एवढं वाईट वाक्य मी बोलले नव्हते.

फासे घरंगळले. एक थांबला. सहा. दुसरा टेबलाच्या काठापर्यंत गेला, तिथे भिंगरीसारखा फिरला, आणि पडला. पाच.

"अकरा," ताई म्हणाली. "अधिक एक."

पुढचं तिला बोलूच दिलं नाही कुणी. नॉनस्टॉप बाकावर चढला, तिथून टेबलावर चढायला निघाला, त्याला चौघांनी आवरलं. मग तो दारातून बाहेर धावला आणि उभ्या असलेल्या बसगाड्यांभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. वाटेत जो भेटेल त्याला मिठी. गाडी धुणारा साबणाच्या हातांनी तसाच मिठीत आला. कॅन्टीनवाला रडत होता, विचारलं तर म्हणाला बेरीज समजली म्हणून. पत्त्याचं नाव काय ठेवायचं यावर तिथल्या तिथे भांडण जुंपलं. कुणी म्हणे "पेन्शन", कुणी म्हणे "हा" हेच राहू द्या, मावशींनी ठेवलंय.

चषक पानानेच बनवलेला आहे. जुन्या बसच्या हेडलाइटची चकचकीत वाटी, गिअरच्या दांड्यावर झाळलेली. दिलदार माणूस आहे तो. त्याने स्वतः कपाटावरून तो उतरवला, शर्ट शोधून अंगात घातला, कॉलर नीट केली आणि मगच दोन्ही हातांनी नॉनस्टॉपच्या हातात ठेवला. चषक घेऊन नॉनस्टॉप सरळ उंच स्टुलाशी गेला आणि तो त्याने ताईच्या मांडीवर ठेवला, वायसरांच्या वाटीशेजारी.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझे गडी मारतेस."

ताईने त्यात आपला चेहरा पाहिला. हेडलाइटमध्ये तो केवढा तरी मोठा आणि वाकडा दिसत होता, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले, मग पुन्हा हसली. एवढी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मी हसणाऱ्या प्रेक्षकांची पारखी आहे.

पानाला मात्र राहवत नव्हतं. तो स्टुलाशी येऊन उभा राहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताई, तेवढा नियम पुढच्या हंगामाला बदला ना. असं सगळ्यांनी बसायचं चालणार नाही, असं काहीतरी घाला त्यात."

ताईने टेबलावर विखुरलेले वायसर गोळा करायला घेतले होते. तिने मान वर केली नाही.

"नियम आहे तसा राहील," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तू आधी बस."